मोठेपणी ऑटिझमची तपासणी करायची आहे? डॉक्टरांकडे चिठ्ठी कशी मागायची?

‘डॉक्टर, मला ऑटिझम आहे का ते तपासून घ्यायचंय.’ हे वाक्य घरी मनातल्या मनात चार वेळा म्हणून झालेलं असतं. केबिनमध्ये गेल्यावर मात्र तोंडातून निघतं, ‘झोप नीट लागत नाही हो, आणि थोडं डोकं दुखतं.’ डॉक्टर गोळी लिहून देतात, पुढचा पेशंट आत येतो आणि खरा प्रश्न विचारायचाच राहतो.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूबमुळे तिशी-चाळिशीतल्या बऱ्याच मराठी माणसांना अलीकडे पहिल्यांदा ही शंका यायला लागली आहे. काहींना स्वतःच्या मुलाची तपासणी चालू असताना येते. डॉक्टर मुलाबद्दल प्रश्न विचारत असतात आणि बाप मनात म्हणत असतो, अरे, हे तर माझंच वर्णन आहे. शंका खरी की खोटी, हे तपासणीनंतर कळेल. पण ती तपासणी मिळवायची कशी, कुणाकडे मागायची, काय बोलायचं आणि डॉक्टरांनी हसण्यावारी नेलं तर काय करायचं, यावर मराठीत फारसं कुणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

पण ऑटिझम लहानपणीच कळतो ना?

तो लहानपणापासून असतो. लहानपणीच कळतो असं मात्र नाही.

लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली ऑटिझमवर जो गाजलेला निबंध लिहिला, त्यातला पहिला मुलगा होता अमेरिकेतल्या मिसिसिपीचा डोनाल्ड ट्रिप्लेट. हा मुलगा पुढे गाडी चालवायला शिकला, गावातल्या बँकेत त्याने कित्येक दशकं नोकरी केली, गोल्फ खेळला, जग फिरला आणि २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारला. म्हणजे ज्याच्यापासून या निदानाची सुरुवात झाली, तोच माणूस सत्तर वर्षं ‘मोठा ऑटिस्टिक माणूस’ म्हणून जगला. तरी आपल्या डोळ्यांसमोर ऑटिझम म्हटलं की न बोलणारं, गोल गोल फिरणारं चार वर्षांचं मूलच येतं. फार तर ‘माय नेम इज खान’मधला शाहरुख.

दुसरं कारण पुस्तकांमधलं आहे. नीट बोलणाऱ्या, अभ्यासात बऱ्या असलेल्या मुलांनाही हे असू शकतं, ही गोष्ट अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तकात १९९४ साली ‘अ‍ॅस्पर्जर’ या नावाने आली. २०१३ च्या डीएसएम-५ या आवृत्तीत ते वेगळं नाव गेलं आणि सगळं ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ या एकाच छत्राखाली आलं. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी २०२२ पासून लागू आहे, तीही हेच म्हणते. आता हिशेब करा. तुम्ही १९९० साली पहिलीत होता, तर तुमच्या बाईंनी, फॅमिली डॉक्टरांनी किंवा आईने हे ओळखावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

त्यात आपला शब्दही घोटाळा करतो. ‘स्वमग्नता’ ऐकलं की वाटतं, स्वतःत बुडालेला, कुणाशी घेणंदेणं नसलेला माणूस. प्रत्यक्षात अनेकांना माणसं हवी असतात, पण माणसांमधले न सांगितलेले नियम कळत नाहीत. अशांसाठी मराठीत दुसरे शब्द तयारच होते: माणूसघाणा, तिरसट, एककल्ली, विक्षिप्त, ‘शिष्ट आहे ती’. शब्द मिळाला की प्रश्न संपला, असं घरच्यांना वाटतं.

तपासणी मागावी असं कधी म्हणायचं?

गर्दीचा कंटाळा येणं किंवा फोनवर बोलायला नको वाटणं एवढ्यावर कुणी ऑटिस्टिक ठरत नाही. ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेने मोठ्या माणसांच्या ऑटिझमसाठी २०१२ साली डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातला निकष आपल्याकडेही वापरायला सोपा आहे. त्याला दोन भाग आहेत.

पहिला भाग असा: माणसांशी वागण्यात किंवा संवादात कायमची अडचण, किंवा तेच ते वागणं, बदल अजिबात न झेपणं, एखाद्या विषयाचं टोकाचं वेड, यातलं निदान एक तरी सतत असायला हवं. दुसरा भाग: त्यासोबत नोकरी किंवा शिक्षण मिळवताना-टिकवताना त्रास, नाती जोडताना-टिकवताना त्रास, मानसिक आजारासाठी आधी घेतलेले किंवा चालू असलेले उपचार, किंवा एडीएचडीसारखी मेंदूच्या वाढीशी संबंधित दुसरी एखादी अवस्था, यातलं काहीतरी असायला हवं.

थोडक्यात, तुम्ही ‘वेगळे’ आहात एवढं डॉक्टरांना पुरत नाही. त्या वेगळेपणाची किंमत तुम्ही रोजच्या जगण्यात मोजत आहात का, हे त्यांना कळायला हवं. चिठ्ठी मागताना बहुतेक लोक नेमकं हेच सांगत नाहीत.

चिठ्ठी कुणाकडे मागायची?

आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञाकडे थेट जाता येतं, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी असलीच पाहिजे असं नाही. ईएसआयसी किंवा सीजीएचएससारख्या योजनेतून जाणार असाल, तर मात्र आधी त्यांच्या दवाखान्यातून रेफर करून घ्यावं लागतं. कंपनीचा विमा असेल तर बाह्यरुग्ण तपासणी त्यात बसते का, ते आधीच विचारून घ्या.

तरीही फॅमिली डॉक्टरांपासून सुरुवात करण्यात एक फायदा आहे. ते तुम्हाला वीस वर्षं ओळखत असतील, तर त्यांच्या चार ओळींना वजन असतं. शिवाय थायरॉइड किंवा ऐकण्यातला दोष अशा गोष्टी ते आधीच तपासून बाजूला काढू शकतात. तोटाही तोच: ‘अगं, तुला मी फ्रॉकमध्ये बघितलंय, काही नाही झालेलं तुला’ हे वाक्यही तिथेच ऐकायला मिळतं.

खरी चिठ्ठी लागते ती पुढच्या पायरीवर. मानसोपचारतज्ज्ञ हे एमडी, डीएनबी किंवा डीपीएम झालेले डॉक्टर असतात, तेच औषध लिहू शकतात. पण तासन्‌तास बसून चाचण्या घेण्याचं काम बहुतेक ठिकाणी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असावी लागते. तुम्हाला मानसोपचारतज्ज्ञांकडून हवं असतं ते एवढंच: केसपेपरवर स्पष्ट शब्दांत ‘ऑटिझम स्पेक्ट्रमसाठी सविस्तर तपासणी’ असं लिहून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवणं. नुसतं ‘समुपदेशन’ असं लिहिलं, तर तुम्ही समुपदेशकाकडे पोहोचाल. ते चांगले असतील, तुम्हाला बरंही वाटेल, पण निदान ते करू शकत नाहीत. लोकांचे महिनेच्या महिने जातात ते या एका शब्दापायी.

सरकारी वाटेने जायचं तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. नाव ऐकून दचकू नका, ओपीडीत केसपेपर काढून दाखवून घरी येता येतं. मात्र जाण्याआधी फोन करून एक प्रश्न जरूर विचारा: ‘अठरा वर्षांवरच्या माणसांची ऑटिझमची तपासणी तुमच्याकडे होते का?’ पुष्कळ केंद्रं फक्त मुलांचीच करतात. खासगी ठिकाणी यासोबत तपासणी कोण करणार, किती बैठका, सगळी मिळून फी किती आणि शेवटी लेखी रिपोर्ट मिळतो का, हेही विचारा. एका बैठकीची फी सांगून पुढच्या पाचांबद्दल गप्प बसणारे असतात.

जाताना एक कागद घेऊन जा

या लेखातलं एकच काही करणार असाल, तर हे करा. सरकारी ओपीडीत डॉक्टरांकडे तुमच्यासाठी पाच-दहा मिनिटं असतात. तेवढ्यात चाळीस वर्षांचं आयुष्य तोंडी सांगता येत नाही. त्यात ज्याला आयत्या वेळी बोलणंच जमत नाही, त्याने आपल्याला बोलणं जमत नाही हे बोलून पटवायचं, हा प्रकारच विचित्र आहे. म्हणून लिहून न्या. एक पान, फार तर दोन.

कागदावर ‘मला ऑटिझम आहे’ असं लिहू नका. ते ठरवणं डॉक्टरांचं काम आहे आणि तुम्ही ठरवूनच आलात असं दिसलं की काही डॉक्टर तिथेच कान बंद करतात. प्रसंग लिहा. लहानपणचे आधी, आताचे नंतर.

लहानपणावर भर का? कारण निदानाच्या नियमातच आहे की ही लक्षणं वाढीच्या सुरुवातीच्या काळापासून असायला हवीत. डीएसएम-५ मध्ये पुढे हेही म्हटलं आहे की पेलण्यापलीकडच्या सामाजिक अपेक्षा अंगावर येईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा मोठेपणी शिकलेल्या युक्त्यांखाली झाकली जातील. तेव्हा पुरावा शोधायचा तो जुन्या गोष्टींमध्ये. माळ्यावरची ट्रंक उघडा. प्रगतिपुस्तकावरचे शेरे बघा: ‘अबोल’, ‘हुशार पण मिसळत नाही’, ‘प्रश्न फार विचारतो’. आईला, आत्याला, मोठ्या बहिणीला विचारा. ‘मी ऑटिस्टिक होतो का?’ असं विचारलंत तर ‘काहीतरीच काय!’ हे उत्तर ठरलेलं आहे. त्याऐवजी विचारा: मी बोलायला कधी लागलो? कुणाबरोबर खेळायचो आणि काय? कुठले कपडे घालायला रडायचो? पाहुणे आले की काय करायचो? मिक्सर लावला की? आया या प्रश्नांची उत्तरं अर्धा तास देतात.

नमुना म्हणून एक कागद पाहा. बाई काल्पनिक आहे, तपशील बेतलेले आहेत.

> वय ३६, लेखा विभागात नोकरी, विवाहित, एक मुलगी.
>
> लहानपणी: बालवाडीत वर्षभर कुणाशीही बोलले नाही, घरी मात्र अखंड बोलायचे. एसटीच्या गाड्यांचे नंबर आणि वेळा वहीत लिहायचे, ती वही आजही आहे. मधल्या सुट्टीत वर्गातच बसायचे. काठाला खळ असलेला परकर नेसवला की ओकारी यायची. चौथीच्या प्रगतिपुस्तकातला शेरा सोबत जोडला आहे.
>
> आता: ऑफिसमध्ये आकड्यांचं काम चोख, पण ‘जरा बघून घे’ असं सांगितलं की काय बघायचं ते कळत नाही. यावरून दोन नोकऱ्या सुटल्या. कुणाशी बोलायचं असेल तर वाक्यं आधी पाठ करते. लग्नकार्याहून आले की दुसरा पूर्ण दिवस अंधारात झोपून काढावा लागतो, मुलीचं आवरणंही होत नाही. कुकरच्या शिट्टीने अंगावर काटा येतो, कानात बोळे घालून स्वयंपाक करते. ठरलेली लोकल चुकली तर रडू येतं.
>
> आधीचे उपचार: २०१४ मध्ये नैराश्य, २०१९ मध्ये चिंता. गोळ्यांनी झोप सुधारली, वर लिहिलेलं काहीही बदललं नाही.
>
> विनंती: हे ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये बसतं का, यासाठी मोठ्या माणसांची सविस्तर तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी द्यावी.

या कागदात ‘मला खूप त्रास होतो’ असं एकदाही लिहिलेलं नाही. नोकरी गेली, मुलीचं आवरणं झालं नाही, एवढं पुरतं. आधीच्या उपचारांची ओळही महत्त्वाची आहे. गोळ्यांनी काय बदललं आणि काय नाही, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. आणि शेवटची विनंती लेखी असली की ती विसरली जात नाही. कागदाची एक प्रत डॉक्टरांना द्या, एक स्वतःकडे ठेवा.

बोलताना सुरुवातीलाच विषय काढा. झोप आणि डोकेदुखी नंतर. ‘डॉक्टर, बोलताना माझं राहून जातं म्हणून लिहून आणलंय. दोन मिनिटं वाचाल का?’ एवढं पुरे. सोबत माणूस न्यायचा तर तुमच्या वतीने सगळं बोलून टाकणारा नको. तुम्ही अडलात की ‘दुसरा मुद्दा राहिला’ अशी आठवण करून देणारा हवा.

मोबाईलवरच्या टेस्टचं काय?

काही प्रश्नावल्या खऱ्या आहेत. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाची एक्यू ही २००१ सालची ५० प्रश्नांची चाचणी आणि तिचंच १० प्रश्नांचं छोटं रूप एक्यू-१०. छोट्या रूपात ६ किंवा अधिक गुण आले तर पुढची तपासणी करावी, असं नाइसच्या सूचनांत आहे. ८० प्रश्नांची आरएएडीएस-आर नावाचीही एक आहे. या चाळण्या आहेत, निदान नव्हे. चिंता किंवा एडीएचडी असलेल्यांचेही गुण त्यात वर जातात. उलट, प्रश्नाचा अर्थ शब्दशः घेतल्यामुळे ऑटिस्टिक माणसाचेच गुण कमी येतात, असंही होतं. आकडा कागदाच्या तळाशी एका ओळीत लिहा, स्क्रीनशॉटची माळ दाखवू नका. ‘तुम्ही कोणत्या प्रकारचे ऑटिस्टिक?’ छापाच्या क्विझचा तर उल्लेखही नको.

डॉक्टर असं म्हणाले तर?

‘तुमचं लग्न झालंय, नोकरी आहे, माझ्याशी व्यवस्थित बोलताय. कसला ऑटिझम?’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य. वाद घालू नका. ‘हे बोलणं मी रात्री लिहून पाठ केलंय, कागदावर आहे बघा. घरी गेल्यावर काय होतं, तेही लिहिलंय.’ लोकांसमोर सगळं जमल्यासारखं दाखवण्याला मास्किंग म्हणतात. बायकांमध्ये ते जास्त आढळतं आणि त्यांचं निदान उशिरा होण्यामागचं ते एक कारण मानलं जातं. आपल्याकडे मुलीला लहानपणापासून ‘हसून बोल, पाहुण्यांना पाणी दे’ हे घोटून शिकवलेलं असतं, हे सांगायला नकोच.

‘हल्ली रील बघून सगळ्यांना असंच वाटतं.’ डॉक्टरांचं अगदीच चुकत नाही, त्यांच्याकडे तसे लोक येतात. मान्य करा: ‘शंका रील बघूनच आली. पण कागदावर आहे ते १९९५ सालचं आहे, तेव्हा रील नव्हत्या.’

‘ही अँग्झायटी आहे. गोळी घ्या, महिन्याने या.’ दोन्ही एकत्र असू शकतं. गोळीला नाही म्हणू नका आणि चालू असलेली गोळी स्वतःच्या मनाने तर मुळीच बंद करू नका. ‘गोळी घेते. पण चिंतेच्या मुळाशी आणखी काही आहे का, ते बघायला चिठ्ठीही द्याल का?’ दोन्ही मागता येतं.

‘निदान होऊन काय मिळणार? याला औषध थोडंच आहे?’ प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर घरूनच तयार करून न्या. ऑटिझम बरा करणारं औषध नाही, हे खरं. पण चुकीच्या आजाराची गोळी वर्षानुवर्षं चालू राहणं थांबू शकतं. ऑफिसमध्ये लेखी सूचना मागता येतात. नवऱ्याला किंवा बायकोला ‘तुझ्यावर प्रेम नाही म्हणून नव्हे, आवाज सहन होत नाही म्हणून आत गेले’ हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवता येतं. तुम्हाला यातलं काय हवं आहे, ते सांगा.

‘आमच्याकडे मोठ्यांची तपासणी होत नाही.’ हे प्रामाणिक उत्तर आहे, रागावू नका. ‘मग कुठे होते? आणि मी विचारलं होतं, एवढं केसपेपरवर लिहाल का?’ ही नोंद पुढच्या डॉक्टरांपुढे उपयोगी पडते.

डॉक्टरांनी अपमान केला, कागद हातातही घेतला नाही, तर? दुसरे डॉक्टर बघा. मोठ्या माणसांचा ऑटिझम फारसा न पाहिलेले चांगले डॉक्टरही असतात, पण न वाचता हसणाऱ्याकडे तिसऱ्यांदा जायचं कारण नाही.

तपासणीत नेमकं काय होतं?

रक्त, एमआरआय, यातून ऑटिझम कळत नाही. कुणी तसा दावा करून पॅकेज विकत असेल तर उठून या. खरी तपासणी म्हणजे मुख्यतः गप्पा, निरीक्षण आणि प्रश्न, तेही दोन-तीन किंवा जास्त बैठकांमध्ये. लहानपणाची सविस्तर हकीकत घेतात, शक्यतो आई-वडिलांना किंवा मोठ्या भावंडाला बोलावतात. काही ठिकाणी एडीओएस-२ ही पद्धत वापरतात. तिचा चौथा भाग सफाईने बोलणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहे, साधारण तासाभराचा. बुद्धिमत्ता चाचणी आणि एडीएचडीची चाचणीही होऊ शकते. २०१३ पूर्वीच्या नियमात ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देता येत नव्हती, आता येतात.

आई-वडील नसले किंवा त्यांना कळू द्यायचं नसलं तर? सांगा तसं. मावशी, शाळेतला मित्र, जुन्या डायऱ्या यांवर काम चालवता येतं. सासरच्या माणसांना कळवायचं की नाही, हे तुमच्या हातात आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेचा हक्क लिहिलेला आहे.

आपल्याकडची एक अडचण तपासणाऱ्याच्या कानावर घालून ठेवा. यातल्या बऱ्याच चाचण्या इंग्रजीत आणि तिकडच्या रीतीरिवाजांवर बेतलेल्या आहेत. ‘नजरेला नजर देत नाही’ हे लक्षण धरायचं, तर मोठ्यांसमोर खाली बघायला शिकवलेल्या घरातून आलेल्यांचं काय करायचं? प्रश्न मराठीत समजावून सांगा, असं खुशाल म्हणा. आणि उत्तर देताना ‘चांगलं’ वागू नका. डोळ्यात बघायला त्रास होत असेल तर तिथे बघू नका, हात हलवावेसे वाटले तर हलवा. सगळा मुखवटा घालून गेलात, तर तपासणी मुखवट्याची होईल.

निकाल ‘ऑटिझम नाही’ असाही येऊ शकतो. सामाजिक भीती, ओसीडी, लहानपणच्या आघाताचे परिणाम, एडीएचडी यांची चित्रं बरीच मिळतीजुळती दिसतात. तसं झालं तर एक प्रश्न विचारूनच बाहेर पडा: मग हे काय आहे, आणि त्यासाठी काय करायचं?

मधल्या काळात वाट बघणं असह्य झालं, जीव द्यावासा वाटू लागला, तर तपासणीच्या तारखेसाठी थांबू नका. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक चोवीस तास, फुकट आणि मराठीतही चालतो.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांसाठी

तिथे एनएचएसमधून तपासणी हवी तर सहसा जीपीच्या चिठ्ठीपासूनच सुरुवात होते. जीपीसमोर नाइसच्या सूचनांचं नाव घ्या आणि एक्यू-१० भरून न्या. तपासणी तीन महिन्यांत सुरू व्हावी, असं नाइसचं मानक म्हणतं. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी रांग वर्षांची आहे. इंग्लंडमध्ये ‘राइट टू चूज’ या हक्काखाली एनएचएसशी करार असलेली दुसरी संस्था मागता येते, आणि चिठ्ठी जीपीकडूनच जाते. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये हा हक्क नाही. भेट फोनऐवजी समोरासमोर हवी, वेळ जास्त हवा, अशा सोयी २०१० च्या समानता कायद्यानुसार मागता येतात. तिकडे लहानपणाची हकीकत आई-वडिलांकडून मागतात आणि आई असते साताऱ्यात, इंग्रजी न बोलणारी. व्हिडिओ कॉल आणि दुभाषी चालेल का, ते आधीच विचारा. दुभाष्याचे पैसे रुग्णाला द्यावे लागत नाहीत. आईचं बोलणं तुम्हीच भाषांतर करून सांगणं टाळा, तुमच्याबद्दलची अवघड वाक्यं तुम्ही नकळत गाळाल.

निदान आणि प्रमाणपत्र एकच का?

नाही, आणि इथे बरेच जण फसतात. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारांची नोंद आहे, त्यात ऑटिझम आहे. वयाची अट नाही. पण सरकारी प्रमाणपत्रासाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात: ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या खाली गुण आले तर त्या मोजपट्टीनुसार ऑटिझम नाही. मोजपट्टी मुलांना समोर ठेवून बनवलेली, त्यामुळे मास्किंग करणाऱ्या मोठ्या माणसाचं डॉक्टरांकडून निदान झालं तरी प्रमाणपत्रापुरते गुण भरले नाहीत, असं होऊ शकतं. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व ठरलं, तरच सरकारी नोकरीतल्या आरक्षणासारखे लाभ लागू होतात. त्यासाठी अर्ज स्वावलंबन पोर्टलवर युडीआयडी कार्डाकरिता करायचा आणि पुढे सरकारी रुग्णालयाच्या मंडळासमोर जायचं. आमचं मत असं की निदान झाल्या झाल्या प्रमाणपत्रामागे धावू नये. आधी त्याचा स्वतःला उपयोग काय, ते ठरवावं.

एक इशारा. निदान झालं की स्टेम सेलवाल्यांच्या जाहिराती मोबाईलवर दिसू लागतात. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे स्टेम सेलचा वापर फक्त परवानगी घेतलेल्या संशोधनात करता येतो, उपचार म्हणून विकता येत नाही.

रिपोर्ट घेताना त्यावर तपासणाऱ्याचं नाव, नोंदणी क्रमांक, वापरलेल्या चाचण्यांची नावं, तारीख आणि निष्कर्ष आहे ना, ते तिथेच बघून घ्या. ‘ऑटिस्टिक ट्रेट्स’ एवढंच लिहिलं असेल, तर याचा अर्थ निदान झालं की नाही, हे विचारा आणि उत्तर त्यावरच लिहून मागा. मूळ प्रत फाइलला लावून घरी ठेवा, बाकी सगळीकडे झेरॉक्स.